मावशी, स्क्रीनवर काय आहे?

मावशी,

तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच आठवड्यात माझं कॉम्प्युटरचं मशीन मुकं झालं. ह्यात शकुन-अपशकुन शोधू नका. मीच त्याला चालवणाऱ्या लिनक्सची नवी आवृत्ती चढवायला घेतली होती. रजा टाकून घरात बसलो होतो, हाताला काहीतरी काम हवं होतं, म्हणून नको त्या वेळी नको ते काम काढलं. आता बटण दाबलं की पंखा फिरतो, डिस्क थोडी खरखरते आणि पुढे काहीच नाही. एरवी त्याच ठिकाणी तो नाकातला इंग्रजी आवाज सुरू होतो, ज्याला तुम्ही 'साहेब' म्हणायचात. साहेब गप्प आहेत. समोर स्क्रीनवर काहीतरी लिहून आलेलं असणार, दोन ओळी असतील नाहीतर वीस. ते मला वाचून दाखवणारं माणूस आता नाही.

खरी अडचण मशीनची नाही. मशीन मी दुरुस्त करीन. समोर काय लिहिलंय एवढं कोणीतरी सांगितलं पाहिजे, आणि त्यासाठी कोणालातरी हाक मारली पाहिजे. ती मला मारता येत नाही. आपला शेवटचा वाद ह्याच्यावरच होता आणि तो अर्धा टाकून तुम्ही निघून गेलात. हे तुमच्या स्वभावाला धरून नाही. तुम्ही कुठलाच कागद अर्धा सोडायच्या नाहीत.

तुम्ही समोरच्या दारात राहायला आलात ते सरकारी कचेरीतल्या टायपिस्टच्या नोकरीतून नुकत्याच निवृत्त होऊन. जेल रोडवरच्या आपल्या ह्या सोसायटीत तेव्हा निम्मे फ्लॅट रिकामे होते आणि जिन्यात पावलं घुमायची. माझी दृष्टी काचबिंदूनं जाऊन बरीच वर्षं झाली होती. अंबडच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी होती, आई गेली होती, मी एकटा राहत होतो आणि त्या एकटं राहण्याचा मला थोडा माजही होता. पहिल्याच आठवड्यात तुम्ही दार वाजवून विचारलंत, "तुमच्याकडे परदेशातले पाहुणे आलेत का हो? फार बोलतात, आणि मध्ये श्वाससुद्धा घेत नाहीत." मी म्हणालो, पाहुणे नाहीत, कॉम्प्युटर आहे, स्क्रीनवरचं मला वाचून दाखवतो. तुम्ही दारातूनच कान देऊन ऐकलंत. मग म्हणालात, "आमच्या साहेबांनी ह्या वेगानं डिक्टेशन दिलं असतं तर मी राजीनामा दिला असता." तेव्हापासून त्या आवाजाचं नाव साहेब.

त्या दिवसांत लाइट कधी जाईल ह्याला काही धरबंध नव्हता. मशीन चालू असताना लाइट गेली की डिस्कवर काय कुठे ठेवलंय ह्याची नोंद अर्धवट राहायची. लाइट आली की लिनक्स आधी ती नोंद तपासायला बसायचं, आणि घोटाळा जास्त असला की मध्येच थांबून प्रश्न विचारायचं. साहेब उठायचे ते ही तपासणी पार पडल्यावर. म्हणजे वाचून दाखवण्याची जेव्हा सगळ्यात जास्त गरज, नेमका तेव्हा वाचणारा झोपलेला. अशाच एका संध्याकाळी मी मशीनला उद्देशून चार शब्द वापरले, ते समोरच्या दारापर्यंत गेले आणि तुम्ही धावतच आलात.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणून कोणी कोणाच्या आईवर जात नाही. सरक तिकडे."

तिथंच तुमच्या बाजूचं अहो-जाहो संपलं. हाक मी मारली नव्हती, तुम्ही आपणहून आला होतात. हे पुढे तुम्ही मला किती वेळा ऐकवलंत.

"मला इंग्रजी येत नाही असंच समज," खुर्ची ओढत तुम्ही म्हणालात. "जन्मभर टाइप केलं, पण अर्थाच्या भानगडीत पडले नाही. अर्थ लावत बसलं की चुका होतात." आणि वाचायला लागलात. कचेरीत नक्कल तयार झाली की तुम्ही आणि दुसरी टायपिस्ट समोरासमोर बसून रुजवात घ्यायचात. एकीनं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, स्वल्पविराम, कंस, नवा परिच्छेद, सगळं उच्चारत. दुसरीनं नकलेवर बोट ठेवून जुळवत जायचं. माझी स्क्रीन तुम्ही तशीच वाचलीत. "तिरकी रेघ, डी ई व्ही, तिरकी रेघ, एच डी ए एक, कोलन, जागा सोडून, पुढे सगळं कॅपिटलमध्ये." मी कीबोर्डवर बोटं ठेवून ऐकत होतो आणि मला मनातल्या मनात ती सगळी ओळ दिसत होती. डोळस माणसाला स्क्रीनवर काय आहे म्हणून विचारलं की तो म्हणतो, काहीतरी एरर आलीय. त्याला काय वाटलं ते तो सांगतो. मला कोणी त्यापूर्वी नुसतं जे आहे ते सांगितलं नव्हतं. शाळेत असताना फळ्यावरचं वाचायचो, त्यानंतर पहिल्यांदाच मी काहीतरी स्वतः वाचल्यासारखं वाटलं. त्या दिवशी तुम्हाला हे बोललो नाही. चहा विचारला फक्त.

मग ते रोजचंच झालं. तुम्ही पाच-साडेपाचला यायचात. देवळालीकडून तोफांचा सराव चालला असला की खिडकीची काच थरथरायची आणि तुम्ही म्हणायचात, "बघ, चहाची वेळ झाल्याचं मिलिटरीलाही कळलं." स्टेशनवरच्या स्टॉलवर कॉम्प्युटरचं मासिक येई, त्याच्याबरोबर एखादे वेळी लिनक्सची सीडी असे. ते मासिक तुम्ही भाजी घेऊन येताना आणायचात, सीडी कोथिंबिरीत गुंडाळल्यासारखी ओलसर यायची. एका सीडीच्या पाठीला मेथीचं पान चिकटलं होतं, आणि मी अर्धा दिवस सीडी वाचणारा ड्राइव्ह बिघडला असं समजून तो खोलत बसलो होतो. तुम्ही आलात, सीडी हातात घेतलीत आणि म्हणालात, "ह्याला आम्ही मेथी म्हणतो."

आणि 'वरीलप्रमाणे'चा तो दिवस. त्यावर आपण इतकं भांडलो की आता हसू येतं. लाइट दुपारभर जा-ये करत होती, मशीनचा हिशेब पार विस्कटला होता आणि तपासणीचे प्रश्न संपत नव्हते. अमुक नंबरच्या नोंदीत चूक आहे, सुधारू का? तुम्ही वाचायचात, मी होकाराची कळ दाबायचो. पुन्हा तेच, नंबर तेवढा वेगळा. पुन्हा तेच. बऱ्याच वेळानंतर तुम्ही म्हणालात, "नंबर वेगळा, बाकी वरीलप्रमाणे." मी कळ दाबली. "वरीलप्रमाणे." दाबली. "वरीलप्रमाणे." सरकारी कागदावर एकाखाली एक त्याच मजकुराच्या ओळी आल्या की तुम्ही जन्मभर तेच लिहीत आला होतात, त्यात तुमचं काय चुकलं? पण त्यातली एक ओळ 'सुधारू का' विचारत नव्हती, 'पुसून टाकू का' विचारत होती. मी तिलाही होकार दिला. माझं सगळं काम ज्या कप्प्यात होतं त्या कप्प्याचं नावच पुसलं गेलं.

तुम्ही म्हणालात, ओळी सारख्याच दिसत होत्या. मी म्हणालो, दिसायला सारख्या असतात म्हणूनच वाचायच्या असतात. तुम्ही म्हणालात, मग तू का नाही म्हणालास, वरीलप्रमाणे चालणार नाही म्हणून? मी म्हणालो, मला काय माहीत वर काय आहे. दार आपटून गेलात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलात, चहाचं आधण स्वतःच ठेवलंत आणि विचारलंत, "आता काय करायचं सांग." एवढंच.

लिनक्समध्ये नाव पुसलेल्या फाइली कुठे जातात हे तुम्हाला तेव्हा कळलं आणि फार आवडलं. हरवलं-सापडलं अशा नावाचा एक कप्पा असतो, तिथं त्या जाऊन पडतात, नावाऐवजी नुसता आकडा लावून. आत मजकूर शाबूत, पण कुठला कशाचा ते फाइल उघडून वाचल्याशिवाय कळत नाही. साहेबांची व्यवस्थाही त्यातच गेली होती, त्यामुळे वाचायचं सगळं तुम्हालाच. कितीतरी संध्याकाळी आपण ते करत बसलो. तुम्ही पहिल्या चार ओळी वाचायच्या, मी ओळखून नाव द्यायचं. मावशी, मशीनच्या दृष्टीनं ते नुकसान होतं. पण माझ्या घरात इतके दिवस सलग माणसाचा आवाज आई गेल्यानंतर तेव्हाच होता. रोज संध्याकाळी जिन्यात तुमची पावलं वाजली की मला बरं वाटायचं, आणि फाइली संपत आल्या तसा मी उगाच सावकाश टाइप करायला लागलो होतो.

त्यातच तुम्हाला त्या ओळी सापडल्या. मशीनला सूचना द्यायच्या फाइलींमध्ये मी मधूनमधून रोमन लिपीत मराठी लिहून ठेवत असे. जाळीसारखी एक खूण ओळीच्या आधी टाकली की मशीन ती ओळ सोडून देतं, ती फक्त माणसासाठी असते. "जाळी, जागा सोडून," तुम्ही वाचलंत, "इथे हात लावलास तर रात्रभर बसशील." पुढे, "जाळी, हे का चालतं कळत नाही, पण चालतंय तोवर गप्प राहावं." तुम्ही हसलात. आणखी चार-पाच वाचल्यात. मग हसणं थांबलं.

"ह्या ओळी मशीन वाचत नाही म्हणालास."

"नाही वाचत."

"आणि ह्या घरात दुसरं कोणी येत नाही."

"नाही."

"मग हे तू कोणाशी बोलतोस?"

मी म्हणालो, तशी पद्धतच असते, पुढे कोणाला फाइल बघायची झाली तर समजावं म्हणून. तुम्ही 'बरं' म्हणालात आणि पुढची ओळ वाचलीत. पण वाद सुरू झाला तो त्या संध्याकाळी, आणि आपण तो इतकी वर्षं रेटत नेला.

तुमचं म्हणणं एकच. मधू, माणसाला हाक मारायला शीक. माझं म्हणणं, हाक मारायची वेळच येणार नाही असं मशीन बनवीन. मी तुम्हाला कारखान्यातल्या सर्व्हरचं उदाहरण द्यायचो. तिथं मी टेलिफोन सांभाळता सांभाळता सगळ्यांच्या मशीनांसाठी ई-मेलचा आणि छपाईचा सर्व्हर उभा केला होता, मालकांनी विश्वासानं तो माझ्याच हाती दिला होता. टेलिफोनच्या बोर्डाशेजारच्या फडताळात एक डबा, त्याला ना स्क्रीन ना कीबोर्ड, दुसऱ्या मशीनवरून तारेनं त्याच्याशी बोलायचं. मी म्हणायचो, "मावशी, सर्व्हरपुढे सगळेच आंधळे. तिथं मी आणि इंजिनिअर सारखे." तुम्ही म्हणायचात, "म्हणून काय फडताळात राहायला जाणार आहेस?" ह्याचा मला राग यायचा.

माझी बाजू हळूहळू जिंकतही होती. डिस्कवर लिहिण्याची नवी पद्धत आली, लाइट गेली तरी नोंद बिघडेना. ते तपासणीचे प्रश्न बंद झाले. साहेब लवकर उठायला लागले. तुमची वाचायची गरज महिन्यातून एखादी, मग तीही नाही. दुसरं कोणी असतं तर येणं थांबवलं असतं. तुम्ही आलातच. खुर्चीत बसायचात आणि साहेब जे वाचत असतील तेच त्यांच्या बरोबरीनं वाचायचात, जणू त्यांचीच रुजवात चाललीय. साहेबांनी देवळालीचा उच्चार केला की तुम्हाला भयंकर राग यायचा. "हा माणूस इतकी वर्षं नाशिकरोडला राहतोय आणि ह्याला अजून देवळाली म्हणता येत नाही?" मग तुम्ही त्याला तीन-तीनदा म्हणून दाखवायचात. तो काही सुधारला नाही.

शेवटचा वाद तुम्हाला आठवत असेल. खालच्या मजल्यावर भाड्यानं जोडपं आलं होतं, घोटीकडचं. नवरा सिन्नरला कामाला, बाई घरी. तुम्ही तिची चौकशी माझ्या कानावर घालत होतात. दहावी शिकलीय, चुणचुणीत आहे, दुपारची मोकळी असते, तिला एकदा बोलाव, स्क्रीन कशी वाचायची ते मी तिला शिकवते. मी म्हणालो, कशाला? आता गरज काय? तुम्ही म्हणालात, "मी येते म्हणून तू कोणाला बोलवत नाहीस. मी नसेन तेव्हा?" मी नेहमीचं उत्तर दिलं. तोवर बटण दाबल्याच्या क्षणापासून मशीन बोलेल असं करून ठेवीन. तुम्ही उठलात. दारात थांबून म्हणालात, "मशीन बोलेल रे. पण तू कोणाशी बोलशील?" मी म्हणालो, उद्या बोलू. उद्या तुम्हाला दवाखान्यात नेलं होतं. परवा तुम्ही नव्हतात.

त्या सकाळी तुमच्या घरी मला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. माणसं येत होती, चपला काढत होती, कुजबुजत होती. सोसायटीत कोणाकडे असा प्रसंग झाला की तुम्ही माझ्या शेजारी बसून हळू आवाजात सगळं सांगायचात, आता हे आले, आता ते पाया पडतायत, आता मुलगी बाहेर येतेय, ऊठ. तुमच्या वेळी कोणी काही सांगितलं नाही. सगळे एकदम उठले तेव्हा मला कळलं की तुम्हाला नेतायत. तुमच्या पुतण्यानं माझा हात धरून पायांपर्यंत नेला. पाय गार होते आणि टाचांना भेगा होत्या. तुम्ही इतकी वर्षं अनवाणी माझ्याकडे येत होतात, ते मला त्या स्पर्शातून पहिल्यांदा समजलं. पुतण्या दुसऱ्या दिवशी कुलूप लावून गेला. भला माणूस आहे. मला म्हणाला, काही लागलं तर कळवा. म्हणालो, काही लागणार नाही.

मग मशीन मुकं झालं. मी मला येतं ते सगळं करून पाहिलं. आंधळेपणानं, म्हणजे नेहमीसारखंच, आज्ञा टाइप केल्या आणि कान लावून बसलो. डिस्क ढिम्म. घर इतकं शांत होतं की नळातून थेंब पडत होता तो मोजता आला असता. कारखान्यात फोन करून कोणाला बोलावलं असतं तर आलेही असते, पण फोनपर्यंत हात जाई आणि परत येई. एका इंग्रजी ओळीसाठी माणूस अंबडहून इथवर ओढायचा? खरं कारण ते नव्हतं, तुम्हाला ठाऊक आहे. मला भीती वाटत होती. कोणी येईल, स्क्रीनकडे बघेल, "काहीतरी एरर आहे" म्हणेल, आणि मला तुमचा आवाज आठवून रडू फुटेल.

फुटलं तर फुटलं, असं म्हणून परवा संध्याकाळी काठी घेतली आणि जिना उतरलो. खालच्या दारासमोर उभा राहिल्यावर लक्षात आलं की हाक मारायला मला तिचं नाव माहीत नाही. तुम्ही सांगितलं असणार, दहादा सांगितलं असणार. मी ऐकलंच नव्हतं. शेवटी काठीनं दार वाजवलं.

"कोण? अगं बाई, वरचे दादा. या की."

"मला... जरा एक वाचून हवं होतं. इंग्रजी आहे."

"मला विंग्रजी एवढं नाय येत हो दादा. शाळंत होतं तेवढंच."

"अर्थ नको आहे. दिसतं तेवढं सांगायचं. नाव काय तुमचं?"

"सुमन. मावशींनी नाय सांगितलं व्हय?"

सांगितलं होतं, म्हणालो.

ती पाठोपाठ वर आली. हाताला पिठाचा वास होता. आत येऊन तिनं भिंतीवरचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. "लाइट नाय का दादा?" म्हणाली. मी म्हणालो, आहे की, मशीन चालू आहे. "मग ट्यूबच लागंना. असू द्या, ह्या मशीनच्या काचंचा उजेड हाय." आणि बसली तुमच्या खुर्चीत. मी तिला तिरकी रेघ समजावली, कोलन समजावला. ती अडखळत, पाठ म्हणणाऱ्या मुलीसारखी वाचत होती. एक शब्द गाळला तेव्हा माझ्या तोंडावर आलं होतं काहीतरी, ते गिळलं. "पुन्हा पहिल्यापासून," एवढंच म्हणालो. मग तिनं नीट वाचलं. "अलर्ट. तिरकी रेघ, डी ई व्ही, तिरकी रेघ, एच डी ए एक. डझ नॉट, ई एक्स आय एस टी." थांबली. "दादा, हे तर म्हणतंय का ती वस्तूच नाय."

मी हसलो, मावशी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आहे ती वस्तू, मी तिला सांगितलं, आपल्या डोळ्यांसमोरच्या डब्यात आहे. नव्या आवृत्तीनं डिस्कचं नाव बदललंय आणि मशीन अजून तिला जुन्या नावानं हाका मारतंय. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, सुरू होताना डिस्कचं नाव ज्या ओळीत येतं ती कुठे आहे ते तिनं वाचून सांगितलं, मी त्यातलं एकच अक्षर बदललं. डिस्क खरखरली, बराच वेळ खरखरली, आणि साहेब एकदम बोलायला लागले. सुमन खुर्चीवरून उठलीच. "आई गं, हा कोण?" मी म्हणालो, हे साहेब. "लय घाईत हाय," ती म्हणाली.

वाद तुम्ही जिंकलात, हे मी तुम्हाला सांगणार होतो. एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो.

पण जाताना सुमननं तिच्या मोबाइलच्या बॅटरीचा उजेड ट्यूबवर मारला. "दादा, हिची दोन्ही टोकं काळी कुट्ट झाल्यात. ही आजची नाय गेलेली. लय महिन्यांची गेलेली हाय." मग म्हणाली, "मावशी तर रोज यायच्या ना इथं? अंधारातच बसायच्या का काय?"

 ती दुसऱ्या दिवशी नवी ट्यूब घेऊन आली, स्टुलावर चढून बसवलीसुद्धा. लागली का, मी विचारलं. लागली म्हणाली, चांगला उजेड पडलाय.

तुम्ही आत आलात की रोज बटणाचा टक असा आवाज व्हायचा. मग खुर्ची सरकायची, मग तुमचा आवाज, शेवटी शेवटी स्क्रीनच्या अगदी जवळून. मी चेष्टा केली होती, मावशी, चष्म्याचा नंबर वाढला. तुम्ही म्हणालात, वाढला असेल. मला हाक मारायला शीक म्हणून रागावणाऱ्या तुम्ही महिनोन् महिने माझ्या अंधारात बसलात, आणि खालच्या मजल्यावरच्या मुलीला स्टुलावर चढ म्हणून हाक मारली नाहीत. मला तरी सांगायचं होतंत. आंधळ्याला काय सांगायचं ट्यूब गेली म्हणून, असं वाटलं का? आणि ट्यूब लागत नाही हे पहिल्या दिवशीच कळल्यावर ते बटण तुम्ही रोज दाबत होतात ते सवयीनं, की मला ऐकू यावं म्हणून?